मेक अप : रचणे, भरणे, जुळणे की नुसतं तोंड रंगवणे?

अर्धविराम

मंडळी, दोन दिवस डोक्यात एक भुंगा घोंघावतोय, म्हणून हा धागा.

एका अहवालाचं मराठी भाषांतर करत होते. त्यात एक छोटं वाक्य होतं : 'द नंबर्स वेअर मेड अप बाय व्हॉलंटिअर्स.' मी बिनदिक्कत लिहून मोकळी झाले, 'आकडे स्वयंसेवकांनी मनाने रचलेले होते.' मुळात 'मनाने' कुठेच नाही, तो शब्द मी पदरचा घातला. म्हटलं, अर्थ ठसठशीत होईल.

झाला की! तपासणाऱ्या बाईंचा निरोप आला : 'अहो, माणसं कमी पडली तेव्हा ऐन वेळी जे धावून आले, त्यांनाच तुम्ही लबाड ठरवलंत.'

म्हणजे मूळ वाक्य असं होतं की कमी पडलेली संख्या स्वयंसेवकांनी भरून काढली. तेच दोन शब्द, पण एका वाचनात ती माणसं देवासारखी धावून आलेली आणि दुसऱ्या वाचनात आकडे फिरवणारी.

मग शब्दकोश उघडून बसले आणि आणखीच गोंधळले. 'मेक अप' म्हणजे कथा रचणे, भांडण मिटवणे, नुकसान भरून काढणे, एखाद्या गोष्टीचा घटक असणे, मनाशी पक्कं ठरवणे, पाहुण्यासाठी अंथरूण तयार करणे, औषधाचं मिश्रण बनवणे... आणि तोंडाला लावतात तो मेकअप तर आहेच. एवढे सगळे अर्थ एका छपराखाली कसे नांदतात? त्यांच्यात काही नातं आहे, की आपण आपले पाठ करत बसायचं?

शंकासुर

आधी तुमच्या वाक्यापुरतं. इथे 'नंबर्स'वर घसरलात तुम्ही. 'नंबर्स' म्हणजे आकडेवारीही आणि हजर डोक्यांची संख्याही. 'दे मेड अप द फिगर्स' असतं तर खोटे आकडे हाच अर्थ आधी मनात आला असता. पण 'मेक अप द नंबर्स' हा ठरलेला प्रयोग आहे. संख्या पुरी करणे. संघात दहाच जण आहेत, अकरावा कुणीतरी हवा, म्हणून उभा केला, तर तो 'मेकिंग अप द नंबर्स'.

गंमत म्हणजे त्यातही एक कुजकट छटा आहे. 'ही वॉज जस्ट देअर टु मेक अप द नंबर्स' म्हणजे तो तिथे असून नसून सारखा. आपल्याकडे याला फर्मास शब्द आहे : खोगीरभरती. पण अहवालात लिहू नका हं. लबाडीच्या आरोपातून सुटलेले स्वयंसेवक लगेच खोगिरात जातील.

आगाऊ_कारटं

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)!

म्हणजे 'शी वॉज मेड अप बाय हर फ्रेंड' याचा अर्थ मैत्रिणीने तिला नटवलं, की तिच्या मैत्रिणीने तिला कल्पनेतून निर्माण केलं?

अर्धविराम

@आगाऊ_कारटं, हसू नका, दोन्ही होऊ शकतं हीच तर रड आहे.

@शंकासुर, खोगीरभरती एकदम चपखल. अहवालातून ती बाहेरच ठेवते.

चष्मा

मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलंय, म्हणून व्याकरणाची बाजू मांडतो. कंटाळा आला तर खुशाल पुढे सरका.

अर्थाकडे जाण्याआधी रचना बघायची सवय लावा, निम्मा गोंधळ तिथेच सुटतो. 'मेक अप'ला थेट कर्म असेल, म्हणजे 'मेड अप अ स्टोरी', तर ते कर्म शेवटी येईल किंवा मध्येही येईल. 'मेड अ स्टोरी अप' हेही बरोबर. पण कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच बसतं. 'ही मेड इट अप.' 'ही मेड अप इट' हे कानाला नुसतं खटकत नाही, ते चूकच आहे. आपण मराठी माणसं ही चूक हमखास करतो, कारण दोन शब्दांचं क्रियापद एकसंध आहे असं धरून चालतो.

आता 'फॉर' जोडला की खेळ बदलतो. 'मेक अप फॉर' म्हणजे उणीव किंवा चूक भरून काढणे. यात सर्वनाम शेवटी जातं : 'नथिंग कॅन मेक अप फॉर इट.' इथे 'इट' मध्ये घुसवता येत नाही. पण भरून काढायची ती गोष्टच थेट कर्म असेल तर 'फॉर' लागत नाही. 'मेक अप द अवर्स' म्हणजे बुडालेले तास भरून काढणे. 'मेक अप फॉर लॉस्ट टाइम' आणि 'मेक अप लॉस्ट टाइम' दोन्ही चालतात.

खरा खड्डा पुढे आहे. ही तीन वाक्यं बघा.

'ही मेड इट अप विथ हर.' त्याने तिच्याशी समेट केला.

'ही मेड इट अप टु हर.' त्याने तिचं काहीतरी नुकसान केलं होतं किंवा मन दुखावलं होतं, त्याची भरपाई केली.

'ही मेड अप टु हर.' तो तिच्याशी लाडीगोडी लावत होता, स्वार्थासाठी पुढे पुढे करत होता. हा प्रयोग आता जुना वाटतो आणि ब्रिटिश वळणाचा आहे, पण पुस्तकांत भेटतो.

मधला 'इट' गळाला की दिलगिरीची खुशामत होते. एका विद्यार्थ्याने माफीच्या पत्रात साहेबांना लिहिलं होतं, 'आय विल मेक अप टु यू.' साहेब चांगले होते, हसून सोडून दिलं.

कानामात्रा

चष्माकाका, हे तीन वाक्यांचं प्रकरण चिकटवून ठेवते भिंतीवर.

मला एक विचारायचं होतं. 'मेड ऑफ' आणि 'मेड अप ऑफ' यांत फरक काय? मी तर दोन्ही 'चा बनलेला' म्हणून वापरते.

चष्मा

@कानामात्रा, मराठीत दोन्हीला 'बनलेला' चालतं, म्हणूनच आपली फसगत होते. 'मेड ऑफ' नंतर द्रव्य येतं : टेबल लाकडाचं. 'मेड अप ऑफ' नंतर घटक येतात : समिती सात सदस्यांची, शब्द अक्षरांचा. 'अ कमिटी मेड ऑफ सेव्हन मेंबर्स' म्हटलं की सात जणांना वितळवून ओतल्यासारखं वाटतं. आणि मूळ वस्तू ओळखू येत नाही इतकी बदलली असेल तर 'मेड फ्रॉम', जसा लाकडापासून कागद.

याच अर्थाचं कर्तरी रूप : 'गर्ल्स मेक अप हाफ द क्लास.' वर्गात निम्म्या मुली आहेत. हे वाक्य कधीही चालू काळात टाकू नका. 'गर्ल्स आर मेकिंग अप हाफ द क्लास' असं लिहिलंत तर मुली बसून निम्म्या वर्गाला नटवतायत किंवा निम्मा वर्ग कल्पनेतून उभा करतायत असं वाटेल. आपल्याला उठसूट 'इंग' लावायची खोड आहे, म्हणून सांगतो.

वेलांटी

नियम झाले, पण अर्धविरामचा प्रश्न तसाच राहिला : नातं आहे की नाही?

मला वाटतं आहे. आणि ते समजायला मराठीतून जावं लागेल.

इंग्रज माणूस मराठी शिकायला बसला की त्याची हीच तारांबळ उडते. 'खा' म्हणजे काय ते त्याला कळतं. मग आपण म्हणतो 'खाऊन टाक', 'खाऊन घे', 'खाऊन बघ'. तो विचारतो, खायचं की टाकायचं? 'मी बोलून बसलो' यात बसलं कोण? 'करून ठेव' यात ठेवायचं कुठे? आपल्याला हे प्रश्न पडत नाहीत, कारण दुसरं क्रियापद आपला मूळ अर्थ सोडून पहिल्याला फक्त रंग देतं. 'टाक' म्हणजे एकदाचं संपव. 'घे' म्हणजे स्वतःसाठी, वेळ आहे तोवर. 'बस' म्हणजे करायला नको होतं, पण झालं.

इंग्रजीत ही रंगाची डबी 'अप', 'ऑफ', 'आउट' या चिटुकल्या शब्दांकडे आहे. 'ईट अप' म्हणजे 'वर खा' नाही. खाऊन टाक. 'ड्रिंक अप', पिऊन टाक. 'टेअर अप', फाडून टाक. 'यूज अप', वापरून संपव. इथला 'अप' दिशा दाखवत नाही, काम तडीला गेल्याचं सांगतो. भांडं काठोकाठ भरलं की पातळी वर येते, त्यातलं हे 'वर'.

आता 'मेक अप' बघा. कमी होतं, ते काठापर्यंत आणलं. वेळ बुडाला होता, तो भरला. माणसं कमी होती, संख्या पुरी केली. मैत्रीत खोट आली होती, ती बुजवली. सात सदस्य मिळून समिती पुरी होते. सगळीकडे एकच चित्र : अपुरं होतं ते पुरं केलं.

उलटतपासणी

वेलांटी, छान जमवलंयत, पण जरा जास्तच छान. असं चित्र कुठल्याही क्रियापदाला मागाहून काढता येतं. घर 'बर्न डाउन' होतं आणि कागद 'बर्न अप' होतो. जळून खाक दोन्ही होतात. गाडी 'स्लो डाउन' होते आणि 'स्लो अप'ही होते, वेग दोन्हीकडे कमीच. मग काठ कुठला आणि पातळी कुठली?

शिवाय तुमच्या चित्रात 'कथा रचणे' कुठे बसतं? तिथे काय अपुरं होतं?

इंग्रजांनाही हे प्रकरण अवघड असल्याची जाणीव आहे. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला कोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच म्हणून ठेवलं की क्रियापदापुढे असा छोटा शब्द जोडून अर्थ फिरवण्याची चाल आमच्या भाषेत फार आहे आणि परक्यांना सर्वांत जास्त त्रास तिचाच होतो. या प्रकाराला आज आपण 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतो, पण ते नाव रुळायला बराच काळ जावा लागला. लोगन पिअरसॉल स्मिथने १९२५ सालच्या पुस्तकात ते वापरलं आणि हेन्री ब्रॅडलीने सुचवल्याचं सांगितलं. ब्रॅडली म्हणजे ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे एक संपादक. जन्मभर शब्दांत राहिलेल्या माणसांनीही याला आधी नाव शोधलं, सूत्र नाही. माझं म्हणणं, वाक्यं पाठ करा. चित्रं काढू नका.

वेलांटी

@उलटतपासणी, 'डाउन'वाला मुद्दा मान्य. घर कोसळतं म्हणून 'डाउन' आणि कागद उरतच नाही म्हणून 'अप', असं म्हणता येईल. पण 'स्लो अप'ला माझ्याकडे उत्तर नाही, उगाच ठोकून देत नाही.

'कथा रचणे' मात्र सोडणार नाही. थोडा वेळ द्या.

निवांत

तोवर माझी भर. लिव्हरपूलकडची आणि आयर्लंडची माणसं 'आयम मेड अप' म्हणतात तेव्हा त्याचा यातल्या कशाशीच संबंध नसतो. त्याचा अर्थ 'मी जाम खूश आहे'. सहकाऱ्याच्या मुलीला नोकरी लागली तेव्हा तो म्हणाला, 'शी इज मेड अप!' मी मनात म्हटलं, मुलगी काल्पनिक आहे की काय, इतकी वर्षं हा फोटो दाखवतोय तो कुणाचा?

आणि ब्रिटनमध्ये 'मेड-अप रोड' म्हणजे काल्पनिक रस्ता नव्हे, पक्का बांधलेला रस्ता. कच्चा असेल तर 'अनमेड'.

रच्याकने, अमेरिकेत 'मेक-अप एग्झॅम' असते. आजारपणाने परीक्षा चुकली की नंतर घेतात ती. तोंड रंगवायची परीक्षा नव्हे.

आगाऊ_कारटं

'रच्याकने' (म्हणजे 'बाय द वे'चं 'रस्त्याच्या कडेने' करून त्याचं केलेलं लघुरूप) हा स्वतःच 'मेड-अप' शब्द आहे हे कुणी सांगणार का निवांतना? :)

एक प्रामाणिक प्रश्न. तोंडाचा मेकअप यात आला कुठून?

चष्मा

@आगाऊ_कारटं, नाटकातून. नट भूमिकेसाठी तयार होतो, म्हणजे चेहरा, केस, दाढीमिशा, पोशाख सगळं जुळवून एक दुसराच माणूस उभा करतो, ते 'मेकिंग अप'. एकोणिसाव्या शतकात हा रंगभूमीवरचा शब्द होता. पुढे तो रंगपटातून घराघरांतल्या आरशासमोर आला आणि मग डबीतल्या वस्तूंचंच नाव झाला.

उच्चाराचंही सांगून ठेवतो. नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, 'मेक'वर. क्रियापद असेल तर जोर बहुधा 'अप'वर जातो. वाचताना अडलात तर मोठ्याने म्हणून बघा, बऱ्याचदा कान निवाडा देतो. आणि इंग्रजीत मेकअप 'पुट ऑन' करतात, 'वेअर' करतात किंवा 'डू' करतात. 'मेक मेकअप' नाही.

जुना_खिळा

बरेच दिवस नुसता वाचतोय, आज राहवलं नाही.

तुम्ही सगळे तोंडाच्या मेकअपवर अडकलात. आमच्या धंद्यात मेकअप म्हणजे पान लावणं. खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईच्या काळातली गोष्ट. जुळारी एकेक खिळा उचलून ओळी जुळवायचा, त्या ओळी गॅलीत, म्हणजे लांबट तबकात, जायच्या, त्यांचं मुद्रित तपासून व्हायचं आणि मग मेकअपवाला त्या लांबलचक पट्ट्यांतून पान उभं करायचा. मथळा इथे, चित्राचा ठोकळा तिथे, मध्ये रूळ. आणि मजकूर पानाला कमी पडला तर ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या सरकवून पान खालपर्यंत आणायचं. अगदीच कमी पडला तर उपसंपादकाकडे ओरडायचं, 'चार ओळी द्या!' मग तो कुठून तरी चार ओळी पैदा करायचा.

वेलांटीताई म्हणतात ते 'काठापर्यंत आणणं' मी हातांनी केलंय. आणि उलटतपासणी, तुम्ही विचारलंत की रचण्यात अपुरं काय होतं. त्या चार ओळी बघा. पान पुरं करायला दिलेल्या त्या ओळी उपसंपादकाने रचलेल्याच असायच्या. खोट्या नव्हेत हं, पण सुचवून सुचवून लिहिलेल्या.

उलटतपासणी

@जुना_खिळा, साष्टांग. यावर वाद घालायला माझ्याकडे शिसं नाही.

तरी एक कुरबूर. पान लावण्याचा मेकअप हे एका धंद्याचं उदाहरण झालं. त्यावरून शब्दाचा इतिहास सिद्ध होत नाही.

जुना_खिळा

इतिहास तुम्ही बघा. मी पान लावलं.

पडताळा

जर्मन शिकणाऱ्यांसाठी थोडं मीठ. जर्मनमध्ये हुबेहूब हेच दोन तुकडे आहेत : 'आउफ' म्हणजे वर आणि 'माखेन' म्हणजे करणे. जोडून 'आउफमाखेन'. अर्थ काय? उघडणे! 'माख दी ट्यूर आउफ', दार उघड. तिथेही क्रियापद वाक्यात सुरुवातीला आणि 'आउफ' पार शेवटी, मध्ये दार. रचनेत सख्खी बहीण, अर्थात दूरची मावशी.

पण त्यावरून झालेलं नाम 'आउफमाखुंग' मात्र मांडणी, सजावट, बाह्य रूप अशा अर्थाने येतं. आणि वर्तमानपत्रातल्या मुख्य बातमीला 'आउफमाखर' म्हणतात. जुन्या_खिळ्यांना आवडेल.

दंडान्वय

एवढं लांब जायची गरज नाही. आपल्या संस्कृतात ही विद्या केव्हाची आहे.

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते ।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥

उपसर्ग धातूचा अर्थ जबरदस्तीने भलतीकडे ओढून नेतो. धातू एकच, 'हृ'. पण 'प्र' लागला की ठोसा, 'आ' लागला की भोजन, 'सम्' लागला की नाश, 'वि' लागला की भटकंती आणि 'परि' लागला की निवारण. 'बलात्' हा शब्द बघा. हे काही गोडीगुलाबीने होत नाही.

त्याहून मजा पुढे आहे. चष्मा म्हणाले की इंग्रजीत क्रियापद आणि 'अप' यांच्यामध्ये दुसरे शब्द येऊ शकतात. पाणिनीने आधी नियम सांगितला, 'ते प्राग्धातोः', उपसर्ग धातूच्या आधी येतात. लगेच पुढची दोन सूत्रं : 'छन्दसि परेऽपि' आणि 'व्यवहिताश्च'. म्हणजे वेदांत ते धातूनंतरही येतात आणि मध्ये दुसरे शब्द ठेवून लांबही राहतात. अष्टाध्यायी, १.४.८० ते ८२. वेदभाषेत उपसर्ग असा सुटा फिरायचा, पुढे तो धातूला कायमचा चिकटला.

इंग्रजीचा प्रवास उलटा. जुन्या इंग्रजीत आधी लागणारे उपसर्ग भरपूर होते. जाळून टाकणे म्हणजे 'फॉरबॅर्नन', नुसतं जाळणे 'बॅर्नन'. ते उपसर्ग झिजत गेले आणि त्यांचं काम क्रियापदामागून येणाऱ्या सुट्या शब्दांनी उचललं. आज तेच 'बर्न अप'.

कानामात्रा

दंडान्वय, उपाहारगृह आणि संहार एकाच धातूचे हे आज कळलं. यापुढे जेवायला बसताना जपून बसेन.

माझा मुद्दा साधा आहे. 'मेक अप युअर माइंड' कुणीच घेतलं नाही. त्यात मन कुठल्या काठापर्यंत भरतात?

वेलांटी

@कानामात्रा, मन इकडे-तिकडे विखुरलेलं असतं, ते एकत्र आणायचं. आपण नाही का 'मन लागत नाही', 'मन उडालं', 'मन थाऱ्यावर नाही' म्हणत? विखुरलेल्याचं एक करणं म्हणजे 'मेक अप'. भरणं ही एक बाजू आणि जुळवणं ही दुसरी.

उलटतपासणी, तुमचं राहिलेलं उत्तर आता देते. खोटी गोष्ट काय असते? इकडचा एक माणूस, तिकडचा एक प्रसंग, मध्ये थोडा पाऊस. सुटे तुकडे जुळवायचे आणि जिथे भगदाड दिसेल तिथे आपल्याकडचं घालायचं. नाटकातला नटही तेच करतो, औषधं खलणाराही तेच करतो. एकाला आपण थाप म्हणतो, दुसऱ्याला सोंग, तिसऱ्याला मात्रा.

उलटतपासणी

'मध्ये थोडा पाऊस' आवडलं. निम्मा पराभव मान्य. निम्मा 'स्लो अप'ला उत्तर मिळेपर्यंत राखून ठेवतो.

अर्धविराम

मंडळी, एक गोष्ट आत्ता लक्षात आली आणि मी हसत बसलेय.

सुरुवातीला मी लिहिलं होतं ना, 'मनाने' हा शब्द मी पदरचा घातला? आता बघा. खर्चाला पैसे कमी पडले की आपण काय करतो? पदरचे घालतो. 'मेक अप द डिफरन्स'. आणि ऐकलेली गोष्ट सांगताना मजा कमी पडली की? तिथेही पदरचं घालतो. 'मेक अप अ स्टोरी'. तोच पदर, तेच घालणं. एकात दानत आणि दुसऱ्यात बनवाबनवी. ज्या गोंधळाबद्दल इंग्रजीला नावं ठेवत मी धागा काढला, तो माझ्याच तोंडात होता!

शंकासुर

अर्धविराम, हे भारी सापडलं.

मग मीही जोडतो : 'जुळवणे'. खिळे जुळवतात, पैसे जुळवतात, यमक जुळवतात, भांडण झालं की जुळवून घेतात. पान लावण्यापासून समेटापर्यंत सगळा 'मेक अप' या एका क्रियापदात येतो. तोंडाचा सोडून.

आगाऊ_कारटं

तोंडाचाही येतो. रंग जुळवतातच की.

आणि 'बनवणे' विसरलात. वस्तू बनवतात आणि माणसालाही बनवतात. 'मला बनवतोस काय?'

चष्मा

'जुळवणे' उत्तम आहे, पण भाषांतर करताना त्याच्या मोहात पडू नका. एका इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द हे नातं समजायला ठीक, लिहायला नाही. भरपाई असेल तिथे 'भरून काढणे', समेट असेल तिथे 'गोडी होणे' किंवा 'दिलजमाई', घटक असतील तिथे नुसतं 'आहेत' पुरतं. 'गर्ल्स मेक अप हाफ द क्लास'ला 'वर्गात निम्म्या मुली आहेत' एवढंच. 'मुली निम्मा वर्ग बनवतात' असलं काही छापून आलेलं दिसलं की माझा रक्तदाब वाढतो.

निवांत

'यू कुडन्ट मेक इट अप' राहिलं. एखादी खरी घटना इतकी अचाट असते की मुद्दाम रचायची म्हटली तरी सुचली नसती, तेव्हा म्हणतात. मराठीत काय म्हणाल?

जुना_खिळा

'हे छापलं तर लोक म्हणतील आम्हीच लिहिलं.' आमच्याकडे असंच म्हणायचे.

कानामात्रा

सगळ्यांची परीक्षा घेते. चुकली असेल त्याने नंतर मेक-अप एग्झॅम द्यावी.

'शी मेड अप ॲन एक्स्क्यूज, बट ही हॅड मेड अप हिज माइंड नॉट टु लिसन, सो शी मेड इट अप टु हिम द नेक्स्ट डे अँड दे मेड अप.'

शंकासुर

तिने एक सबब रचली, पण त्याने ऐकायचंच नाही असं मनाशी पक्कं केलं होतं. मग दुसऱ्या दिवशी तिने त्याची भरपाई केली आणि दोघांची गोडी झाली.

चष्मा

पैकीच्या पैकी. 'भरपाई केली' जरा सरकारी वाटतं. 'उट्टं भरून काढलं' म्हणावं का?

उलटतपासणी

काका, उट्टं काढणं म्हणजे सूड घेणं. दोघांची गोडी व्हायच्या आत तुम्ही मारामारी लावलीत.

चष्मा

खरंय, जीभ घसरली. 'त्याची कसर भरून काढली' म्हणू या.

अर्धविराम

'कसर' घेतला! माझ्या अहवालात आता असं वाक्य गेलंय : 'कमी पडलेल्या माणसांची कसर स्वयंसेवकांनी भरून काढली.' बाईंचा निरोप आला, 'आता छान.'

पुढच्याच पानावर 'आय कुडन्ट मेक आउट' आलंय. नवा धागा काढू का?

आगाऊ_कारटं

काढा. पण 'मेक आउट'चा अमेरिकेतला अर्थ आधी बघून घ्या, नाहीतर या वेळी स्वयंसेवकांचं काही खरं नाही.